कानसेनांसाठी: आपण गाणं कसं ऐकतो आणि एआय त्यावरून काय सुचवतं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरच्यांनी, शेजाऱ्यांनी आणि गाण्याच्या वर्गातल्या मैत्रिणींनी गेल्या काही वर्षांत मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले, ते इथे एकत्र केले आहेत. कंपन्यांनी किंवा संशोधकांनी स्वतः जाहीर केलेली माहिती त्यांच्या नावानिशी दिली आहे. बाकी मतं माझी आहेत.

मी मन लावून ऐकतेय की नुसतंच लावून ठेवलंय, हे अ‍ॅपला कळतं का?

थेट कळत नाही. कसं, ते दोन बायकांच्या उदाहरणाने सांगते. एकीने संध्याकाळी दिवा न लावता, डोळे मिटून, हेडफोनवर चाळीस मिनिटं मारवा राग ऐकला. दुसरीने तेच ध्वनिमुद्रण स्वयंपाकघरात लावलं, फोन फ्रीजवर ठेवला, मिक्सर फिरवला, मध्ये दारावर कुरियरवाला येऊन गेला. अ‍ॅपकडे दोघींची नोंद सारखीच गेली: सुरू केलं, चाळीस मिनिटं चाललं, स्किप (पुढे ढकलणं) नाही, पूर्ण झालं.

आपल्याला वाटतं, लक्ष देऊन ऐकणाऱ्याचं लक्ष यंत्रालाही दिसत असेल. पण गाण्यात बुडालेला माणूस फोनला हातही लावत नाही, आणि गाणं विसरून गेलेला माणूसही लावत नाही. मैफिलीत गवयाला समोरच्या माना दिसतात. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, कोण डोललं, कोण चुळबुळ करतंय, ‘वाह’ कुठून आली, हे पाहून तो राग वाढवतो नाही तर आवरता घेतो. अ‍ॅपला माना दिसत नाहीत, बोटं दिसतात.

दोघींमधला फरक कळायचाच तर गाण्याच्या आधी आणि नंतर कळतो. पहिलीने ते ध्वनिमुद्रण नाव लिहून शोधलं होतं का? ऐकून झाल्यावर जपून ठेवलं का? चार दिवसांनी पुन्हा त्यावर आली का? त्याच गायकाचा दुसरा राग उघडला का? हे सगळं बोटांनी होतं, म्हणून ते नोंदलं जातं.

मग अ‍ॅप नेमकं काय काय टिपतं?

स्पॉटिफाय या गाणी ऐकवणाऱ्या सेवेने २०१९ च्या एका संशोधन स्पर्धेसाठी ऐकण्याच्या सुमारे १६ कोटी सेशनची (एका बैठकीतलं सलग ऐकणं म्हणजे सेशन), कुणाचीही ओळख न देता, माहिती खुली केली होती. त्या तक्त्याचे रकाने वाचले की बराच उलगडा होतो. गाणं कसं सुरू झालं हा एक रकाना: आधीचं संपलं म्हणून आपोआप, यादीतल्या ओळीवर बोट ठेवून, पुढे जायचं बटण दाबून, की मागे जायचं बटण दाबून. गाणं सुरू होण्याआधी थांबा छोटा होता की मोठा. गाण्यात पुढे किती वेळा सरकवलं, मागे किती वेळा. शफल, म्हणजे गाणी उलटसुलट क्रमाने लावणं, चालू होतं का. दिवसाचा कितवा तास होता. गाणं कुठून आलं: स्वतःच्या संग्रहातून, संपादकांनी केलेल्या प्लेलिस्टमधून, रेडिओतून की लोकप्रिय गाण्यांच्या यादीतून.

मला यातला ‘मागे’चा रकाना फार महत्त्वाचा वाटतो. एखादी जागा पुन्हा ऐकायला वीस सेकंद मागे जाणं हे निव्वळ लक्ष देऊन ऐकणाऱ्याचं काम आहे. भाजी चिरणारा माणूस असं करत नाही. आपण मैफिलीत ‘पुन्हा एकदा’ म्हणतो ना, त्याला यंत्राच्या भाषेत सगळ्यांत जवळ जाणारी गोष्ट हीच.

तीस सेकंदांचा नियम म्हणजे काय?

स्पॉटिफायवर गाणं किमान ३० सेकंद वाजलं तरच ते ‘ऐकलं’ म्हणून मोजलं जातं. पैशांच्या हिशोबासाठी हा नियम आहे, पण शिफारशीही या मोजमापावर शिकल्या आहेत. अ‍ॅपच्या मुखपृष्ठावर कुणाला काय दाखवायचं हे ठरवणाऱ्या एका पद्धतीवर त्यांच्या संशोधकांनी २०१८ साली निबंध लिहिला. त्यातही शिफारस यशस्वी झाली की नाही हे ३० सेकंदांच्या वर ऐकलं का, यावरूनच ठरवलं होतं.

लास्ट एफएम या २००२ पासूनच्या सेवेचा नियम वेगळा आहे. गाणं निम्मं किंवा चार मिनिटं, यांतलं जे आधी होईल तेवढं वाजलं की नोंद होते. नियम कुठलाही घ्या, कुठेतरी एक रेघ मारावीच लागते, आणि रेघ मारली की तिच्या अलीकडचं-पलीकडचं सारखं होऊन जातं. एकतिसाव्या सेकंदाला सोडलेलं गाणं आणि शेवटपर्यंत जीव लावून ऐकलेलं गाणं या मोजणीत एकच.

एआय या नोंदींवरून शिकतं कसं?

मूळ कल्पना जुनी आणि अगदी घरगुती आहे: तुमच्यासारख्या आवडीच्या माणसाला जे आवडलं ते तुम्हालाही आवडेल. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९९४ साली ‘रिंगो’ नावाची सेवा सुरू झाली. लोक ई-मेलने कलाकारांना गुण देत आणि रिंगो इतरांच्या गुणांशी ताडून उत्तर पाठवत असे. तिथे माणूस स्वतः विचार करून गुण देत होता. म्हणजे ती शिफारस लक्षपूर्वक दिलेल्या मतांवर उभी होती.

आज कुणी गुण देत बसत नाही, त्यामुळे आपल्या वागण्यावरूनच मत काढावं लागतं. या बाबतीत हू, कोरेन आणि व्होलिन्स्की यांचा २००८ चा निबंध पायाभूत मानला जातो. त्यांच्याकडे टीव्ही पाहण्याच्या नोंदी होत्या. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या: माणसाला हे आवडतं का, आणि आवडतं असं म्हणायला आपल्याला किती खात्री आहे. एकदा पाहिलं तर खात्री थोडी, दहादा पाहिलं तर खात्री जास्त.

त्याच निबंधात एक गोष्ट आहे, ती मी प्रत्येकाला सांगते. टीव्ही लावून माणूस झोपी गेला किंवा उठून गेला तर पुढचे कार्यक्रम ‘पाहिले’ म्हणून नोंदले जातात. यावर त्यांनी असं केलं की, चॅनल न बदलता एकामागून एक लागलेल्या कार्यक्रमांचं वजन उतरवत न्यायचं. तिसऱ्या कार्यक्रमाचं वजन निम्मं, आणि पाचव्यापर्यंत ते ९९ टक्क्यांनी कमी. म्हणजे बेलक्ष पाहण्याचा प्रश्न या शास्त्राला पहिल्यापासून माहीत होता, आणि त्यावर इतका साधा, शहाणा उपाय होता. तुमच्या फोनवर रात्रभर आपोआप चालू राहणाऱ्या गाण्यांना हाच न्याय लावायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

दुसरी वाट म्हणजे गाणं स्वतः ऐकून शिकणं. पॅन्डोरा या अमेरिकन संगीतसेवेने २००० सालापासून संगीत जाणणाऱ्या माणसांना बसवून एकेका गाण्याचे शेकडो गुणधर्म लिहून काढले. पुढे यंत्रंच ध्वनीवरून लय, पोत, वाद्यं ओळखायला लागली. स्पॉटिफायने २०१४ मध्ये विकत घेतलेली द एको नेस्ट ही कंपनी याच कामाची. आजची सेवा या दोन्ही वाटा एकत्र करते, आणि त्यांत लोकांच्या वागण्याची वाट जास्त रुंद आहे.

मी काहीच न करता गाणी चालू ठेवली तर शिफारशी बदलतात का?

बदलतात, कारण तासांचं पारडं नेहमी तिकडेच झुकतं. मन लावून आपण आठवड्यात दोन-तीन तास ऐकत असू. पण ऑफिसात, गाडीत, इस्त्री करताना चालू राहणारं संगीत दहा-पंधरा तास सहज होतं. त्यातलं निम्मं तर अ‍ॅपनेच ऑटोप्लेने लावलेलं. आपण ते थांबवलं नाही, एवढ्यावर पुढच्या वेळी त्याच वळणाचं आणखी लागतं. अ‍ॅपने लावलं, मी अडवलं नाही, म्हणून अ‍ॅपने पुन्हा लावलं. वर्तुळ बंद झालं.

याचा मोठ्या प्रमाणावर अभ्यास झाला आहे. स्पॉटिफायच्या आणि विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये जाहीर केलेल्या निबंधात दिसलं की, अल्गोरिदमच्या, म्हणजे यंत्राच्या हिशोबाच्या, सांगण्यावरून होणारं ऐकणं कमी वैविध्याचं असतं. ज्या श्रोत्यांचं ऐकणं काळानुसार रुंदावत गेलं, ते अल्गोरिदमकडून स्वतः शोधून ऐकण्याकडे सरकलेले होते. माझा स्वतःचा अनुभव हाच आहे, पण तो एका घराचा. हे मात्र फार मोठ्या संख्येवरून निघालेलं आहे.

स्किप केलं म्हणजे नावडलं, असंच धरतात का?

नेहमी नाही, आणि धरूही नये. द एको नेस्टमधून स्पॉटिफायमध्ये आलेल्या पॉल लामेर यांनी २०१४ मध्ये स्किपची आकडेवारी मांडली होती: साधारण २४ टक्के गाणी पहिल्या पाच सेकंदांतच पुढे ढकलली जातात, आणि जवळजवळ ४९ टक्के संपण्याआधी. त्याच मांडणीत असंही होतं की, कामाच्या वेळी लोक कमी स्किप करतात आणि शनिवार-रविवारी जास्त. म्हणजे हाताशी वेळ आणि डोक्यात गाणं असलं की बोट जास्त चालतं. स्किप हे कित्येकदा लक्ष देत असल्याचंच लक्षण असतं.

२०१९ मध्ये स्पॉटिफायच्याच संशोधकांनी श्रोत्यांच्या मुलाखती आणि सर्वेक्षणं करून, माणूस अ‍ॅप कशासाठी उघडतो याची वर्गवारी केली. एका बाजूला निवांत ऐकणारे: आपली ठरलेली प्लेलिस्ट पटकन लावायची, मूडला किंवा कामाला शोभेल असं काही हवं, पाठीमागे चालू राहील असं काही हवं. दुसऱ्या बाजूला हात घालणारे: नवं शोधायचं, नंतरसाठी साठवायचं, एखाद्या गायकाच्या किंवा अल्बमच्या खोलात जायचं. समाधान मोजताना हा हेतू लक्षात घेतला तर अंदाज अधिक बरोबर येतो, असं त्यांना आढळलं. नवं शोधायला बसलेल्याने वीस गाणी उडवली आणि एक जपलं तर त्याची बैठक छान झाली. पोळ्या लाटताना पिठाच्या हाताने तीनदा फोन गाठावा लागला तर ती बैठक फसली.

तेच बोट, तीच कृती, अर्थ मात्र अगदी उलटा.

लाइकचं बटण दाबून खरंच उपयोग होतो का?

होतो. पण माझ्या मते गाणं स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये घालणं आणि नाव लिहून शोधणं यांतून जास्त कळतं, कारण त्याला जास्त कष्ट पडतात. फुकटचा अंगठा आपण कुणालाही देतो.

मी ख्याल ऐकते. तरी मला ‘रिलॅक्सिंग’ बासरी आणि ध्यानाचं संगीत का सुचवतात?

हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून उत्तर लांबेल.

पहिलं कारण वेळेचं. विलंबित एकतालातलं एक आवर्तन, म्हणजे बारा मात्रांच्या तालाची एक फेरी, संथ लयीत ४५ सेकंदांपासून एक मिनिटापर्यंत जातं. म्हणजे यंत्राची ३० सेकंदांची रेघ येते तेव्हा गायकाची पहिली समसुद्धा आलेली नसते. तंबोरा लागलाय, षड्ज ठरतोय, बस. त्या तीस सेकंदांत गाण्याबद्दल काहीच ठरवता येत नाही, पण ठरवलं जातं. शिवाय अर्ध्या तासाचा बडा ख्याल पूर्ण ऐकला तरी मोजणीत एकच, आणि त्याच अर्ध्या तासात तीन मिनिटांची दहा गाणी ऐकली तर दहा. त्यातून अठराव्या मिनिटाला कुणाचा फोन आला आणि ऐकणं तुटलं, तर ‘पूर्ण केलं नाही’ असा शेरा. अठरा मिनिटं म्हणजे सहा सिनेगीतांएवढं ऐकणं झालं, पण टक्केवारीत ते अपुरं.

यूट्यूबचं याबाबतीत वेगळं आहे. २०१२ पासून त्यांनी नुसत्या ‘किती वेळा पाहिलं’पेक्षा ‘किती वेळ पाहिलं’ याला वजन दिलं, आणि २०१६ च्या त्यांच्या निबंधात क्रमवारी अपेक्षित वेळेवरून लावल्याचं सांगितलं आहे. मोठ्या ध्वनिमुद्रणांना तिथे बरा न्याय मिळतो. जुन्या खाजगी मैफिली शोधणारी मंडळी तिकडे वळतात त्यामागे, तिथे तो खजिना आहे हे मुख्य कारण, आणि हे थोडंसं.

दुसरं कारण नावांचं. कुठल्याही अ‍ॅपवर ‘कलाकार’ हा एक रकाना असतो. आपल्याकडे एका ध्वनिमुद्रणाला गायक, राग, ताल, बंदिश, घराणं, तबल्यावर कोण, संवादिनीवर कोण, एवढं सगळं लागतं. राग बहुधा शीर्षकात दडलेला असतो आणि रोमन लिपीत बागेश्रीचं स्पेलिंग प्रत्येकाने आपापलं केलेलं असतं. अ‍ॅपलने मार्च २०२३ मध्ये अभिजात संगीतासाठी वेगळं अ‍ॅप काढलं, पण त्याची रचना पाश्चात्त्य पद्धतीची: रचनाकार, कृती, वाद्यवृंद. बागेश्री ऐकणाऱ्याला दुसऱ्या कुणाचा बागेश्री दाखवावा, की त्याच्या शेजारचा रागेश्री, ही समज त्या रकान्यांत मावत नाही. काम अशक्य नाही. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झेवियर सेरा यांच्या पुढाकाराने २०११ पासून ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प चालला आणि त्यात हिंदुस्तानी व कर्नाटक संगीतातले राग ध्वनीवरून ओळखण्यावर बरंच संशोधन झालं.

तिसरं कारण मला सगळ्यांत जास्त सलतं. शिफारस तुमच्या एकट्याच्या ऐकण्यावर ठरत नाही, तुमच्यासारखंच ध्वनिमुद्रण लावणाऱ्या सगळ्यांच्या ऐकण्यावर ठरते. हरिप्रसाद चौरसियांची बासरी किंवा शिवकुमार शर्मांचं संतूर कुणी राग म्हणून ऐकतं, आणि कितीतरी जण योगासनांना, मसाजला, झोपेला लावतात. ते लोक त्याच यादीत पावसाचा आवाज आणि तिबेटी घंटा लावतात. संख्या त्यांची मोठी. मग यंत्राच्या हिशोबात बासरीचा शेजारी सारंगी न होता पाऊस होतो, आणि जोग राग ऐकून उठलेल्या तुम्हाला घंटा सुचवल्या जातात. तुम्ही कितीही लक्ष देऊन ऐका, इतरांच्या बेलक्ष ऐकण्याची सावली तुमच्यावर पडतेच.

यावर थोडा तोडगा असा: वाद्यापेक्षा कंठसंगीतातून सुरुवात करा, एकाच गायकाचे तीन-चार राग सलग शोधून लावा, आणि ते रागाच्या नावाच्या स्वतःच्या प्लेलिस्टमध्ये ठेवा. झोपेसाठी ख्याल कमी लोक लावतात, त्यामुळे तिथली शेजारपाजार अजून बरी आहे.

आमच्या घरात एकच फोन, एकच खातं. आजीचे अभंग, नातवाची बालगीतं, मुलाचं रॅप. काय होतं?

अ‍ॅपच्या दृष्टीने तुमच्या घरात एक फारच विचित्र माणूस राहतो. पहाटे साडेपाचला तो हरिपाठ ऐकतो, दुपारी सलग अकरा वेळा एकच बालगीत, रात्री रॅप. यंत्र त्याची सरासरी काढतं आणि ती घरातल्या कुणाचीच नसते.

बालगीतं यात सगळ्यांना गिळतात. लहान मूल तेच गाणं पुन्हा पुन्हा मागतं, पूर्ण ऐकतं, कधीही स्किप करत नाही. यंत्राला यापेक्षा उत्तम श्रोता मिळणार नाही. गंमत म्हणून नाही, खरंच सांगते: घरातला सगळ्यांत मन लावून ऐकणारा तोच असतो. त्यामुळे त्याची नोंद चूक नाही, फक्त चुकीच्या नावावर आहे.

गणपतीत असंच होतं. दहा दिवस सकाळ-संध्याकाळ आरत्या वाजतात आणि अनंत चतुर्दशी उलटली तरी मुखपृष्ठावर आरत्याच राहतात. काही सेवा वेळेनुसार सुचवतात, तिथे पहाट आजीची आणि रात्र मुलाची असं जमून जातं. पण त्यावर भिस्त ठेवू नये. परवडत असेल तर कुटुंबाची योजना घेऊन प्रत्येकाचं खातं वेगळं करावं. नसेल तर निदान बाळाची गाणी दुसऱ्या अ‍ॅपवर लावावीत. आमच्याकडे आईच्या जुन्या फोनवर फक्त अभंग असतात. तो फोन आता दुसऱ्या कशालाच वापरत नाही, आणि तिला सुचणारे अभंग इतके चांगले असतात की मीच तिच्याकडून नावं घेते.

रात्री झोपायला पावसाचा आवाज लावते. त्याने काही बिघडतं?

बिघडतं, कारण रोज सहा-सात तास म्हणजे तुमच्या सगळ्या ऐकण्यापेक्षा जास्त. कंपन्यांनाही याचा त्रास आहे. पैशांच्या हिशोबात धरला जाण्यासाठी असा आवाज किमान दोन मिनिटांचा असावा, असा नियम स्पॉटिफायने २०२४ पासून केला, कारण तीस-तीस सेकंदांचे तुकडे करून कमाई चालली होती. तुम्ही टायमर लावा, आणि ती प्लेलिस्ट आवडीच्या हिशोबातून बाहेर काढा. कशी, ते पुढे.

शिफारशी बिघडल्यात. सुधारू कशा?

आधी गळती बंद करायची, मग पाणी भरायचं.

स्पॉटिफायवर प्लेलिस्टच्या तीन टिंबांच्या मेनूत ती आवडीच्या हिशोबातून वगळायची सोय २०२३ पासून आहे. पाऊस, बालगीतं, पार्टीची यादी, सगळं तिथून वगळा. पाहुण्यांच्या हाती फोन द्यायच्या आधी प्रायव्हेट सेशन, म्हणजे खाजगी ऐकण्याची सोय, सुरू करा. ते काही तासांनी आपोआप बंद होतं, हे लक्षात ठेवा. यूट्यूबवर हिस्ट्री थोडा वेळ थांबवता येते आणि एकेक नोंद पुसताही येते. अ‍ॅपल म्युझिकमध्ये ऐकण्याचा इतिहास वापरू नये असं सांगता येतं, आणि डिसेंबर २०२३ च्या आयफोन अद्ययावतीपासून ते फोकस मोडला जोडताही येतं. म्हणजे ‘झोप’ मोड लागला की नोंद बंद. मला ही सोय सगळ्यांत सुटसुटीत वाटते.

ऑटोप्ले बंद करा. एवढ्या एकाच बटणाने बराच फरक पडतो. अल्बम संपला की शांतता होईल, आणि पुढचं काय लावायचं ते तुम्हाला ठरवावं लागेल. तेच ठरवणं नोंदलं जातं.

मग पाणी भरायचं, म्हणजे जे लक्ष देऊन ऐकलं त्याला यंत्राला कळेल अशी दाद द्यायची. मनापासून आवडलेलं गाणं संपल्यावर लगेच जपा. शफल न लावता अल्बम क्रमाने ऐका. नाव लिहून शोधा. आठवड्याने परत या. नको असलेलं मुकाट्याने वाजू देऊ नका. ‘हे नको’ असं सांगायचं बटण असेल तर वापरा, नसेल तर पुढे ढकला. मी हे सगळं नियमाने करायला लागल्यावर साधारण तीन आठवड्यांत माझ्या याद्यांत फरक दिसला. स्पॉटिफायची दर सोमवारी येणारी ३० गाण्यांची यादी २०१५ पासून आहे. ती सोमवारी सकाळी गडबडीत न लावता, हाताशी अर्धा तास असताना ऐकली तर तिला दिलेली दादही खरी ठरते.

त्यापेक्षा जुनं खातं मोडून नवं काढू का?

नको. कोऱ्या खात्याला सुरुवातीला मुख्यतः लोकप्रियतेचा आधार असतो, त्यामुळे काही दिवस सगळ्यांना मिळतं तेच तुम्हाला मिळेल. आणि सवयी त्याच राहिल्या तर दोन महिन्यांत पुन्हा तिथेच याल.

सहज ऐकणं वाईट आहे का?

मुळीच नाही. विविध भारती ३ ऑक्टोबर १९५७ ला सुरू झाली आणि आपल्या आज्या-आयांनी ती धान्य निवडत, शिवण शिवत, मुलांना शाळेला पाठवत ऐकली. सहज कानावर पडलेल्या गाण्यांनीच कित्येकांचे कान तयार झाले. माझेही त्यातच झाले. पण रेडिओ तुमच्याबद्दल काही टिपून ठेवत नव्हता. तुम्ही ऐकलं नाहीत म्हणून उद्या त्याने वेगळं लावलं नाही, आणि तुम्ही उठून गेलात म्हणून तेच पुन्हा लावलं नाही. काहीतरी नावडतं, काहीतरी अनोळखी, रोज कानावर पडत राहायचं. आज सहज ऐकण्याला परिणाम जोडले गेलेत, एवढाच फरक झाला, आणि तो मोठा आहे.

मी कसं ऐकते याने कलाकाराला काही फरक पडतो का?

पडतो, पैशांतसुद्धा. २०२४ पासून स्पॉटिफायवर मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० वेळा न ऐकल्या गेलेल्या ध्वनिमुद्रणाला मानधनाचा वाटा मिळत नाही. तालुक्याच्या गावात भजनाची मंडळी चालवणाऱ्या किंवा एखादंच बंदिशींचं ध्वनिमुद्रण केलेल्या कलाकारासाठी हजार हा आकडा लहान नाही. दुसऱ्या बाजूला, डीझर या फ्रेंच संगीतसेवेने २०२३ मध्ये फ्रान्समध्ये युनिव्हर्सल म्युझिक या ध्वनिमुद्रण कंपनीबरोबर नवी पद्धत सुरू केली. श्रोत्याने स्वतःहून शोधून लावलेल्या गाण्याला तिथे दुप्पट वजन, म्हणजे अल्गोरिदमने आपोआप लावलेल्यापेक्षा जास्त मोबदला. मन लावून ऐकण्याला पैशांच्या हिशोबात वेगळं स्थान देणारा हा निर्णय मला फार योग्य वाटतो, आणि तो आपल्याकडच्या सेवांनी घ्यावा असं वाटतं.

तोवर एवढं तरी करता येतं: ज्या कलाकाराचं गाणं आवडलं त्याचं पान उघडून तिथूनच लावा, त्याला फॉलो करा, आणि दुसऱ्याला दुवा पाठवा.

शिफारशींशिवाय नवं गाणं शोधायचं कसं?

माणसांना विचारून. आमच्या बाई दर गुरुवारी वर्गात शिकवणी संपली की एक नाव सांगतात: हा राग, ह्या गायकाचा, ह्यात अंतऱ्याकडे लक्ष द्या. मी ते वहीत लिहून घेते आणि घरी येऊन हाताने शोधते. वहीतल्या नावामागे अ‍ॅप दोन-चार दिवसांनी येतं आणि त्याच्या आसपासचं काही आणतं. कधी चांगलं आणतं, तेही मी वहीत लिहिते, समोर तारीख घालून. सध्या जौनपुरीचं पान चालू आहे. पुढच्या गुरुवारपर्यंत तिघांचा ऐकायचा आहे, आणि त्यातला एक अजून सापडलेला नाही.